आयओएलमास्टर ७०० : लांबीवर भरवसा, वक्रतेबाबत सावधगिरी

कार्ल झाइस कंपनीचे आयओएलमास्टर ७०० हे यंत्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी मुख्यतः डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, वक्रता मोजते, आणि प्रामुख्याने याच दोन मापांवरून कृत्रिम भिंगाचा नंबर ठरतो. प्रौढ डोळ्याची लांबी सरासरी २३.५ मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यात १ मिलिमीटरची चूक झाली, तर शस्त्रक्रियेनंतर चष्म्याचा नंबर अडीच ते तीन डायोप्टरने (भिंगाच्या शक्तीचे एकक) चुकू शकतो. त्यामुळे पडद्यावरच्या सुबक चित्रांपेक्षा आकड्यांवर किती विसंबता येते, हाच येथे खरा प्रश्न आहे.

लांबीच्या बाबतीत माझे मत निःसंदिग्धपणे अनुकूल आहे. ए-स्कॅनच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी लांबी मोजण्याच्या, प्रचलित पद्धतीत बधिर केलेल्या डोळ्यावर प्रोब टेकवतात, आणि हात किंचित जड पडला तरी कॉर्निया दबून लांबी कमी भरते. परिणामी गरजेपेक्षा जास्त नंबरचे भिंग बसते आणि रुग्णाला दूरचे अंधुक दिसते. प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रांत हा स्पर्शच नाही. मात्र पहिल्या पिढीतील आयओएलमास्टरचा ७८० नॅनोमीटरचा प्रकाश दाट मोतीबिंदूपुढे अनेकदा हात टेकत असे. ७०० मध्ये स्वेप्ट सोर्स (तरंगलांबी भराभर बदलत मोजण्याच्या) पद्धतीने सुमारे १०५५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरला जातो. तो कमी विखुरत असल्याने पूर्वी वाचन न देणारे बरेच डोळे आता मोजता येतात. त्याहून मोलाची सोय म्हणजे दृष्टिपटलाच्या केंद्रातील खोलगट भागाचे चित्र: तो खळगा दिसत नसेल, तर रुग्णाची नजर दिव्यावर स्थिर नव्हती अशी शंका घेता येते. आकडा चुकीच्या दिशेने मोजला गेला असण्याची शक्यता यंत्रानेच दाखवावी, ही गोष्ट मला त्याच्या वेगापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

तरीही पूर्ण पिकलेल्या, पांढऱ्या मोतीबिंदूत हा प्रकाशही कधी कधी आरपार जात नाही. आपल्याकडे असे रुग्ण उशिरा का होईना येतातच, म्हणून हे यंत्र घेतले की ए-स्कॅन मोडीत काढता येईल, असा हिशेब कोणी करू नये.

वक्रतेचे माप अधिक नाजूक आहे, आणि त्याचा दोष बहुधा यंत्राकडे जात नाही. कॉर्नियावरून परतणाऱ्या प्रकाशबिंदूंवरून वक्रता काढली जात असल्यामुळे अश्रूंचा थर विस्कटलेला असेल, तर एकाच डोळ्याची लागोपाठची वाचने जुळत नाहीत. आणि वक्रतेच्या मापातील १ डायोप्टरची चूक शेवटच्या नंबरात जवळपास तेवढीच उतरते. डोळ्यात थेंब घालण्यापूर्वी आणि डोळ्याचा दाब मोजण्यापूर्वी हे माप घ्यावे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती डॉक्टरांनी सांगितलेले दिवस आधीपासून बंद ठेवावी, आणि कोरड्या डोळ्यांवर प्रथम उपचार करून मगच पुन्हा मोजावे. टोरिक, म्हणजे कॉर्नियाची असमान वक्रता भरून काढणारे, भिंग बसवायचे असल्यास ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तेथे वक्रतेबरोबर तिचा अक्षही (दिशाही) अचूक लागतो.

दोन्ही डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर मोजणी पुन्हा करण्याची प्रथा आहे, आणि ती सुबक छापील अहवाल हातात असतानाही पाळावी. लॅसिक (चष्मा घालवण्यासाठी कॉर्नियावर केलेली लेसर शस्त्रक्रिया) झालेल्या डोळ्यांत मात्र निर्दोष मापांनाही नेहमीची सूत्रे चुकीचे उत्तर देतात. अशा रुग्णाने लॅसिकपूर्वीची कागदपत्रे सोबत आणावीत आणि आपल्यासाठी कोणते सूत्र वापरले, हे शस्त्रक्रियेआधी विचारून घ्यावे.