सात महिने राण्यांच्या सहवासात: श्राव्य कादंबऱ्या ऐकल्यानंतरचा अनुभव

आईच्या डोळ्यांचा पडदा दुखावला आणि तिचं वाचन थांबलं. तिचा सगळा जन्म साताऱ्यात गेला. आजही खिडकीतून तिला अजिंक्यतारा ओळखू येतो, पण पुस्तकातली ओळ दिसत नाही. दिवाळीनंतर मी श्राव्य कादंबऱ्यांच्या एका अ‍ॅपची वर्गणी भरली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लढाया खूप वाचून झाल्या गं. राण्यांचं काही असेल तर लाव." त्याला आता सात महिने झाले. येसूबाई, ताराबाई, अहिल्याबाई यांच्यावरच्या कादंबऱ्या आम्ही दोघींनी रोज संध्याकाळी तासभर, देवापाशी दिवा लावून झाला की ऐकल्या.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात सांगते. वेग थोडा कमी केला की वयस्कर माणसांना नीट कळतं. नेट गेलं की कुठवर ऐकलं ते मात्र ते विसरतं, आणि मग प्रकरण पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हा मोठा त्रास आहे. बाकी आवाज स्वच्छ आहे, तक्रार नाही.

खरं सांगायचंय ते कादंबऱ्यांबद्दल. बऱ्याच ठिकाणी राणी महालात येते ती दागिन्यांच्या यादीसह. नथ, चिंचपेटी, शालूचे काठ यांत पानंच्या पानं जातात आणि मग ती झरोक्यात उभी राहून वाट बघते. अशी प्रकरणं आली की आई जपमाळ हातात घ्यायची. पण एका कादंबरीत येसूबाई रायगडावर धान्याचे कोठार किती दिवस पुरेल याचा हिशेब करते, एवढंच प्रकरण होतं. त्या दिवशी आई माळ बाजूला ठेवून सरळ बसली. मलाही तेव्हाच कळलं की आपण इतके दिवस कशाची वाट बघत होतो. या बायका काम करत होत्या. शंभूराजांनी येसूबाईंना स्वतंत्र शिक्का दिला होता, 'श्री सखी राज्ञी जयति'. त्यातला 'सखी' हा शब्द सगळेच लेखक प्रेमाच्या प्रसंगात वापरतात. पण शिक्का कागदावर उमटतो, आणि तो कागद घेऊन कुणीतरी कामाला लागतं. हे ज्याला दिसलं, त्याची येसूबाई जिवंत झाली.

फेब्रुवारी 1689 मध्ये शंभूराजे संगमेश्वरला पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांना मारलं. रायगडाला वेढा पडत होता. अशा वेळी येसूबाईंनी दिराला, राजाराम महाराजांना, गडाबाहेर निघायला लावलं आणि स्वतः सात वर्षांच्याही आतल्या शाहूला घेऊन मागे राहिल्या. हा प्रसंग जवळजवळ सगळ्यांनी चांगला लिहिलाय. नोव्हेंबरात गड पडला, मायलेकरं मोगलांच्या छावणीत गेली. पुढे काय? 1707 मध्ये शाहू सुटले, आई ओलीस म्हणून मागेच राहिली. पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या दिल्ली स्वारीनंतर, 1719 साली त्या परतल्या. एकोणतीस वर्षं! आणि ती वर्षं एका कादंबरीत दीड पानात संपली. मला फार वाईट वाटलं. छावणी हलली की तंबूही हलायचे, मुलगा परक्या दरबारात वाढत होता, औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा त्यांच्याशी मायेनं वागत होती. दप्तरात जिथे कागद मिळत नाही, तिथेच तर कादंबरीकाराची गरज असते. दिल्लीहून चौथाईच्या, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा वसूल करण्याच्या, सनदा आल्या त्याचं वर्णन दणक्यात होतं, आणि त्याच लवाजम्यासोबत येसूबाई घरी आल्या हे एका ओळीत. शाहू महाराज तेव्हा छत्तिशी ओलांडलेले होते. बारा वर्षांनी आईला बघून ते काय बोलले असतील, हे ऐकायला आम्ही दोघी आसुसलो होतो.

राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई, त्यांच्या बाबतीत उलटं होतं. पंचविशीत वैधव्य, मग सात वर्षं औरंगजेबाशी झुंज, तिथपर्यंत लेखणी भरभरून चालते. म्हातारपण मात्र कुणाला नको असतं. रामराजा आपला नातू म्हणून त्यांनीच गादीसाठी पुढे आणला, त्यालाच साताऱ्याच्या गडावर कैद केलं आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथेवर सांगितलं, हा माझा नातू नव्हे. एका कादंबरीनं त्यांना सरळ कपटी ठरवलं, दुसरीनं हा प्रसंगच गाळला. आई म्हणाली, "जिचा मुलगा पन्हाळ्यावर कैदेत गेला आणि पुढे वारलाही, ती म्हातारपणी कशी होईल ते लिहायचं होतं."

भाषेचंही सांगायला हवं. सगळ्या राण्या संस्कृतप्रचुर बोलतात, घरात सुनेशी बोलतानासुद्धा. त्या काळच्या पत्रांत रवाना, बंदोबस्त, मजकूर, जाहला असे शब्द सहज येतात. ज्या दोन कादंबऱ्यांनी ही बोली जपली त्या आम्ही दोनदा ऐकल्या.

मागच्या महिन्यात आईला संगम माहुलीला घेऊन गेले. कृष्णा-वेण्णेच्या काठावर ताराबाईंची समाधी आहे. शाहू महाराजांच्या कुत्र्याचीही आहे, येणारे लोक तीच आधी विचारतात. आईने ताराबाईंच्या समाधीचा दगड हाताने चाचपला, कडेची माती पदराने पुसली आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. परत येताना गाडीत तिने जेजुरीचा भाग पुन्हा लावायला सांगितला.

वर्गणी वर्षभरासाठी वाढवली आहे. सध्या अहिल्याबाई चालू आहेत. कुंभेरचा वेढा जवळ आलाय, त्यात त्यांचे पती खंडेराव जाणार हे आम्हाला ठाऊक आहे. आईने ते प्रकरण रात्री नको, उद्या सकाळी चहानंतर लाव म्हणून सांगितलंय.