स्मृती शिष्यवृत्तीसाठी ठेव देताय? पावतीवरचा शब्द आधी वाचा

घरातलं माणूस गेलं की तेराव्याला नाहीतर वर्षश्राद्धाला कुणीतरी विषय काढतंच, "अण्णांच्या नावानं शाळेत काहीतरी ठेवू या." मन भरून आलेलं असतं, समोर ओळखीचे मुख्याध्यापक असतात, संस्थेचे सचिव घरी भेटून गेलेले असतात. अशा वेळी कागद मागणं अनेकांना कोतेपणाचं वाटतं. स्मृती शिष्यवृत्त्यांचे पैसे बुडतात ते बहुतेक इथेच.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रकरण. निवृत्त शिक्षक वारले. त्यांनी जिथे हयात घालवली, त्या शाळेच्या संस्थेला मुलांनी २०१६ साली ३ लाख रुपयांचा धनादेश दिला. रक्कम बँकेत मुदत ठेवीत राहील, तेव्हाच्या साधारण ७ टक्के दरानं वर्षाला २१,००० रुपये व्याज येईल आणि दहावी होऊन पुढे शिकणाऱ्या तीन गरजू मुलांना प्रत्येकी ७,००० मिळतील, असं ठरलं. सगळं तोंडी. सभागृहात पाटी लागली. पहिली दोन वर्षं मुलांना पैसे मिळालेही. मग "व्याजदर फार उतरलेत" हे ऐकू येऊ लागलं, मग कोविडात समारंभच झाले नाहीत.

२०२२ मध्ये गुणगौरव समारंभ पुन्हा झाला. थोरल्या मुलानं स्वतःच्या हातानं तिघांना पाकिटं दिली, फोटो निघाले. आठवड्यानं त्यातल्या एका मुलीची आई तेच पाकीट घेऊन घरी आली. आत बोटभर लांबीची, शाळेचा शिक्का मारलेली चिठ्ठी होती: "धनादेश कार्यालयातून घ्यावा." बाई तीन वेळा कार्यालयात जाऊन आली होती. अकरावीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तिनं उसने घेतले होते.

मग जुनी पावती शोधली. रक्कम बरोबर, अक्षरी बरोबर, संस्थेचा नोंदणी क्रमांकही बरोबर. "कशासाठी" या रेघेवर मात्र निळ्या शाईत लिहिलं होतं: "इमारत निधी". सहा वर्षं ही पावती प्राप्तिकराच्या फायलीत होती आणि देणगीवरची ८०जी कलमाची करसवलत घेताना फक्त रकमेकडे पाहिलं गेलं होतं. ठेव कधी झालीच नव्हती. पैसे बांधकामात गेले होते आणि पहिल्या दोन वर्षांचं वाटप संस्थेच्या चालू खात्यातून केलं होतं. नवे सचिव म्हणाले, "आमच्याकडे असा निधीच नाही, तुमची पावती इमारतीची आहे." कागदाच्या हिशेबानं ते खरं बोलत होते, म्हणून जास्त लागलं.

व्याजदराच्या सबबीबद्दल आधी बोलायला हवं, कारण ती अर्धी खरी असते आणि म्हणून खपते. मोठ्या बँकांत २०१३-१४ च्या सुमारास ठेवीला ९ टक्क्यांच्या आसपास मिळत होतं, २०२०-२१ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास. पण ३ लाखांवर ५ टक्क्यांनीही १५,००० होतात. दर उतरला तर शिष्यवृत्ती सातऐवजी पाच हजारांची होईल, बंद पडणार नाही. "यंदा व्याजच नाही" असं कुणी सांगितलं, तर ठेव मोडली आहे, तारण आहे किंवा मुळातच नाही, असं समजून चौकशीला लागावं.

तारणाचा प्रकार सगळ्यांत फसवा. ठेव खरी असते, पावतीची झेरॉक्सही खरी असते, पण त्याच ठेवीवर संस्थेनं बँकेकडून कर्ज उचललेलं असतं. ते थकलं की बँक ठेव कर्जात वळती करून घेते. नुसत्या झेरॉक्सवरून हे कधीच कळत नाही. देणगीदाराला बँक थेट माहिती देत नाही, म्हणून दर वर्षी ३१ मार्चचा शिल्लक दाखला संस्थेनं बँकेकडून आणून द्यावा आणि ठेवीवर बोजा नाही हे त्यात लिहिलेलं असावं, असं सुरुवातीलाच ठरवून घ्या. एकच ठेव पावती तीन-चार कुटुंबांना दाखवण्याचे प्रकारही होतात. म्हणून पावतीवरचा ठेव क्रमांक, ठेव केल्याची तारीख आणि मूळ रक्कम आपल्या धनादेशाशी ताडून बघा. धनादेश जूनमध्ये वटला आणि ठेव त्याआधीच्या जानेवारीतली असेल, तर ती तुमची नव्हे. ठेवीच्या नावातच "अमुक शिक्षण संस्था, कै. अमुक स्मृती शिष्यवृत्ती निधी" असं यावं यासाठी हटून बसा.

पतसंस्थेत एखादा टक्का जास्त मिळतो म्हणून तिथे ठेव करू असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ नुसार न्यासाचा, म्हणजे अशा नोंदलेल्या सार्वजनिक संस्थेचा, पैसा शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनानं मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे अशा ठिकाणीच ठेवायचा असतो.

धनादेश कुणाच्या नावानं काढता, हेही बघा. शाळा ही बहुतेक वेळा संस्थेची एक शाखा असते, करार होतो तो संस्थेशी. "माजी विद्यार्थी संघ" नोंदलेला नसेल तर त्याच्या नावानं पैसे देणं म्हणजे ज्याच्या सहीनं खातं चालतं त्याच्या हातात देणं. सचिवांच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर तर एक रुपयाही नको. रोखीनं २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला करसवलत मिळतच नाही, त्यामुळे "रोख द्या, सोपं पडतं" यात सोय तुमची नसते.

धनादेशासोबत पत्र द्या आणि पोच घ्या. पत्र लांबलचक नको, पण ही वाक्यं त्यात हवीतच: "ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत म्हणजे कॉर्पसमध्ये जमा करावी. मूळ रक्कम खर्च करू नये, तिच्यावर कर्ज घेऊ नये. व्याजातून दर वर्षी शिष्यवृत्ती द्यावी. ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावी आणि यादी व भरणा झाल्याचा पुरावा आम्हाला ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा." शिष्यवृत्तीची रक्कम पत्रात आकड्यात बांधू नका, "जमलेल्या व्याजाच्या तीन चतुर्थांश" असं लिहा. उरलेला चौथा हिस्सा मुद्दलात मिळवला नाही, तर आज ७,००० रुपयांत होणारा खर्च वीस वर्षांनी त्यात भागणार नाही. पत्र मिळाल्यावर विश्वस्त मंडळानं ठराव करायला हवा, त्याची प्रत मागा. सचिव बदलले की त्यांचा शब्द जातो, ठराव इतिवृत्तात राहतो.

आता पावती. तिच्यावर "कॉर्पस" किंवा "कायम निधी" हा शब्द नसेल तर त्याच दिवशी परत द्या, नवी घ्या. २०२१-२२ पासून संस्थांना देणगीचं विवरण प्राप्तिकर खात्याकडे १०बीडी फॉर्ममध्ये भरावं लागू लागलं आणि त्यावरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळू लागलं. ते ३१ मेपर्यंत हाती येतं. त्यात देणगीचा प्रकार लिहिलेला असतो. पावतीवर कॉर्पस आणि प्रमाणपत्रात "इतर", असं दिसलं तर तिथेच दुरुस्त करून घ्या. ही चूक पहिल्याच वर्षी सापडते, सहा वर्षं वाट पाहावी लागत नाही.

पुढे वर्षातून एकदा ताळेबंद मागावा. नोंदणीकृत न्यासाचा ताळेबंद परिशिष्ट ८ च्या नमुन्यात असतो. त्यात डाव्या बाजूला न्यासाचा निधी आणि त्याखाली इतर राखून ठेवलेले निधी येतात. तुमच्या माणसाच्या नावाचा निधी तिथे, सोबतच्या यादीत तरी, रकमेसह दिसला पाहिजे आणि उजवीकडे गुंतवणुकीत तेवढीच ठेव. संस्थेनं दिला नाही तर न्यासांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. दगडी पाटीपेक्षा ही ओळ महत्त्वाची.

परदेशी असलेल्या नातेवाइकांचा एक मुद्दा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची त्याच्या स्वतःच्या कमाईतली देणगी परकीय योगदान ठरत नाही. ओसीआय कार्ड असलेला पुतण्या मात्र परदेशी नागरिक असतो. त्याची देणगी एफसीआरए म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. "भारतातल्या भावाच्या खात्यावर पाठवा, तो आम्हाला देईल" असं सांगणारी संस्था दोघांनाही अडचणीत आणते.

मुलांच्या बाजूची फसवणूक वेगळी आणि ओळखायला सोपी आहे. कै. अमुक यांच्या नावानं व्हॉट्सॲपवर शिष्यवृत्तीचा संदेश येतो, "फाइल शुल्क" ४९९ रुपये मागतात किंवा ॲपची फाइल पाठवतात. शिष्यवृत्ती द्यायला कुणी आधी पैसे मागत नाही, ओटीपी तर मुळीच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

त्या शिक्षकांच्या कुटुंबानं शेवटी धर्मादाय कार्यालयात अर्ज केला. संस्थेच्या वकिलांनी पहिला आक्षेप घेतला तो अर्ज करण्याच्या अधिकारावर. "हितसंबंध असलेली व्यक्ती" याच्या व्याख्येत कायदा लाभार्थ्याचा स्पष्ट उल्लेख करतो, देणगीदाराचा करत नाही. म्हणून त्या मुलीच्या आईनं आणि आणखी एका पालकानं अर्जावर सही केली. तिथून गाडी हलली. सुनावण्या सुरू असतानाच संस्थेनं शिक्षकांच्या नावानं ३ लाखांची नवी ठेव केली आणि पावती दाखवली. मधल्या वर्षांचं व्याज मात्र मिळालं नाही, कारण वाटप झालं नाही तर व्याजाचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नव्या करारपत्रात आता ते वाक्य आहे: "वाटप न झालेलं व्याज त्याच वर्षी मूळ रकमेत जमा करावं."