कॅटलन टाइल व्हॉल्ट की न्युबियन? छप्पर ठरवण्याआधी वाचा

स्लॅब नको, कमानीचं छप्पर (म्हणजेच व्हॉल्ट) हवंय म्हटलं की फिरून फिरून हे दोनच पर्याय समोर येतात. सेंटरिंग (बांधताना खालून द्यायचा आधाराचा सांगाडा) दोघांनाही जवळपास लागत नाही, पण काम अगदी वेगळं.

कॅटलनमध्ये पातळ भाजक्या टाइल्स, त्याही आडव्या, सपाट लावलेल्या. गवंडी टाइलच्या दोन कडांना जिप्सम (आपलं पीओपीच समजा) फासतो, आधीच्या टाइलला टेकवून थोडा वेळ धरतो, हात काढतो आणि ती तशीच अधांतरी चिकटून राहते, पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वासच बसत नाही. आकार चुकू नये म्हणून खाली हलका साचा, बस. मग वरून चुन्यात किंवा सिमेंटमध्ये दुसरा-तिसरा थर, सांध्यावर सांधा न येऊ देता. राफाएल गुआस्ताविनो हा बांधकाम व्यावसायिक हे तंत्र घेऊन १८८१ ला स्पेनमधून न्यूयॉर्कला गेला, एलिस आयलंडच्या (तिथलं स्थलांतरितांच्या नोंदणीचं जुनं केंद्र) हॉलचं छत त्याच्याच कंपनीचं. पुढे मजुरी महागली, काँक्रीट आलं, १९६२ ला कंपनी बंद. आता परत जीव धरतंय: दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वेला जेम्स बेलामी या गवंड्याने तिथल्याच नवख्या लोकांना हाताशी धरून व्हॉल्ट उभे केले, टाइल्सही तिथल्या मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या.

न्युबियनमध्ये विटांचे थर मागच्या भिंतीवर कलते टेकवत पुढे यायचं, चिकट गाऱ्यात. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फथींनी १९४० च्या दशकात ते पुन्हा आणलं, आपल्याकडे ऑरोविलमध्ये शिकवतात, म्हणजे जाणकार गवंडी मिळायची शक्यता इथे जास्त. पण छप्पर जड, भिंती जाड, आणि लांबट अरुंद खोलीपलीकडे फार मजा नाही.

मोकळा वळणदार हॉल हवा तर कॅटलनच. कोपरगावची माया सोमैया लायब्ररी बघा, मुलं चक्क छपरावर चालत जातात! मात्र त्यामागे कॉम्प्युटरवरचं फॉर्म-फाइंडिंग (भार नीट पेलेल असा आकार शोधणं) आहे, नुसता गवंड्याचा अंदाज नाही.

पाऊस दोघांचाही वैरी. पीओपी ओलं झालं की मऊ पडतं, त्यामुळे कॅटलनचा पहिला थर मे अखेरीस सुरू करणाऱ्याला हात जोडा. भिंतींना बाहेर ढकलणारा रेटा दोन्हीत असतो, टाय रॉड (दोन बाजू बांधून धरणारी लोखंडी सळई) की जाड भिंत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच ठरवू द्या, भूकंपाचंही त्यालाच विचारा.

माझं मत: एक-दोन खोल्या, साइटवरच मातीच्या विटा, तर डोळे झाकून न्युबियन. कॅटलनला गेलात तर आधी अंगणात एक छोटी कमान बांधून घ्या, तिच्यावर वाळूची पोती रचून वजन पेलतं का बघा, गवंडी कां-कू करायला लागला तर सरळ स्लॅब टाका.