बूबर की लेव्हिनास? काकांच्या खुर्चीशेजारून

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी काका दुपारभर ओट्यावर बसतात. ऐकू कमी येतं, एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतात. त्यांच्याशी बोलताना मला दोन तत्त्वज्ञ आठवतात.

मार्टिन बूबरने १९२३ सालच्या पुस्तकात 'मी-तू' आणि 'मी-ते' असे दोन संबंध मांडले. 'गोळीची वेळ झालेला म्हातारा' एवढंच पाहिलं, की काका 'ते' होतात. 'तू' म्हणून भेटलो, तर दोघंही थोडे बदलतो. 'मी-ते' टाकाऊ नाही हं. त्याशिवाय साधी भाजीसुद्धा आणता येणार नाही. फक्त तिथेच मुक्काम नको.

एमान्युएल लेव्हिनासला नेमकी ही परस्परता खटकली. त्याच्या लेखी नातं बरोबरीचं नसतंच. समोरचा चेहरा आधी माझ्यावर जबाबदारी टाकतो. तो माझ्यासाठी काय करतो, हा हिशेब माझा नाही.

रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाता खाता अनोळखी माणसाशी गप्पा रंगतात, तेव्हा मी बूबरचा. काकांपाशी मात्र लेव्हिनासच जवळचा वाटतो, कारण तिथे परतफेड येणार कुठून? तरी बूबरवर अन्याय नको: त्याच पुस्तकाच्या १९५७च्या पुरवणीत त्यानेही मान्य केलं, की शिक्षक-विद्यार्थी किंवा उपचारक-रुग्ण नात्यात पूर्ण परस्परता येत नाही. पुतण्यांचा उल्लेख नाही, पण मी तो जोडून घेतलाय.

काल काकांनी विचारलं, "तू कोणाचा रे?" मी खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा सांगितलं.