हिवाळी नैराश्यासाठी १०,००० लक्सचा दिवा: घ्यावा का?

घ्या. (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक, आणि हा दिवा म्हणजे सकाळी समोर ठेवून बसायचा प्रखर दिवा.) पण छोटा घेऊ नका, आणि सगळं काम तोच करील या भरवशावर राहू नका.

मी मूळचा सोलापूरचा. मे महिन्यात डोक्याला पंचा गुंडाळून सावली शोधत हिंडलेला. उजेडासाठी पैसे मोजशील असं तिथं कुणी म्हणालं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. आता नोकरीपायी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये आहे, ५७ अंश उत्तरेला. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो, तोही ढगाआडून. सोलापूरचा लहानात लहान दिवस अकरा तासांचा, इथला सातसुद्धा नाही.

नोव्हेंबर लागला की मला कितीही झोपलो तरी उठवत नाही. भात, बटाटा, गोड एवढंच खावंसं वाटतं, आणि मित्रांचे फोन वाजून वाजून बंद होतात. नैराश्यात झोप उडते, जेवण जात नाही, असं आपण ऐकलेलं असतं. हिवाळी प्रकारात बरेचदा उलट होतं, म्हणून लोकांना तो आळस वाटतो. आई तर व्हिडिओ कॉलवर खूश: "अंगानं भरलास की रे!" इथल्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतली, थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच सुस्तावतो, तेव्हा दिवा मागवण्याआधी ही तपासणी कराच.

या आजाराला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' हे नाव मिळालं १९८४ साली, नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून. रोझेन्थाल स्वतः जोहान्सबर्गहून न्यूयॉर्कला आलेले आणि तिथला हिवाळा त्यांना स्वतःला जाणवलेला, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं असतं. सकाळी पुरेसा उजेड मिळाला की मेलाटोनिन हे रात्रीचं, झोपेचं संप्रेरक थांबतं आणि दिवस सुरू होतो. तो मिळाला नाही की घड्याळ मागे पडतं, असं मानतात. शिवाय सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन उचलून परत पेशीत नेणारी प्रथिनं हिवाळ्यात मेंदूत जास्त आढळली आहेत. पण 'सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य' हे एका ओळीचं उत्तर मला पटत नाही. अंधार सगळ्या ॲबर्डीनवर सारखाच पडतो, आजारी सगळे पडत नाहीत. घराण्यातला कल, स्वभाव, एकटेपणा हेही हिशेबात धरावं लागतं.

आता दिव्याकडे. माझ्याकडे आधी टॅबलेटएवढा स्वस्त दिवा होता. खोक्यावर ठळक '१०,००० लक्स', आणि आत बारीक अक्षरात 'पंधरा सेंटीमीटरवर'. नाक टेकवून चहा कोण पितो? ऑफिसातला लक्समीटर आणून अर्ध्या मीटरवर मोजलं, तर आकडा दीड हजाराच्या आसपास. मग मोठा घेतला, शंभर पौंडांच्या आतबाहेर. तो हातभर अंतरावर, जरा तिरका ठेवायचा. उठल्यापासून तासाभरात अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. डोळे उघडे हवेत, पण टक लावून बघायचं नाही. मी तेवढ्यात पोहे खातो. संध्याकाळी लावला तर झोपेचं खोबरं होतं. पहिले काही दिवस डोकं दुखलं, मग थांबलं. आठवड्याभरानं सकाळी उठणं सोपं झालं.

कॅनडात २००६ साली ९६ रुग्णांवर तुलना झाली होती: दिवा आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी, दोन्हींनी ६७ टक्क्यांना गुण आला. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ब्रिटनची 'नाइस' ही संस्था मात्र पुरावा अजून अनिश्चित आहे म्हणते, आणि तेही वाचून ठेवावं.

दिव्याला जमत नाही ते डोक्यातलं. ऑक्टोबरातच मनात सुरू होतं, 'आला हिवाळा, आता संपलं.' मग बाहेर पडणं बंद, त्यामुळे आनंदाचं काही घडत नाही, आणि मन म्हणतं, 'बघ, म्हटलं होतं ना!' हे चक्र सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलून करायच्या उपचारात, समुपदेशकाबरोबर बसून उकलावं लागलं. मानसशास्त्रज्ञ केली रोहान यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन हिवाळ्यांनंतर आजार परतल्याचं प्रमाण सीबीटीवाल्यांत २७ टक्के होतं, दिवावाल्यांत ४६. माझ्यापुरतं सीबीटीतून निघालेलं औषध म्हणजे गुरुवारचं बॅडमिंटन. इच्छा असो-नसो, जायचं.

बायपोलर (मन कधी अतिउत्साही, कधी खिन्न होण्याचा आजार) असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा लावू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दिव्याची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाचापैकी चार तारे. एक कापला तो वायरीपायी. इतकी आखूड, की जेवणाचं टेबल सरकवून भिंतीला लावावं लागलं, आणि बायको अजून त्यावरून बोलते.