बॅन्शी, वाळू आणि ३०० फूट: एका पूर्ण हंगामानंतर सस्पेन्शनबद्दल

गाडी २००४ ची यामाहा बॅन्शी, म्हणजे हँडल धरून चालवायची चार चाकांची एटीव्ही. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मिशिगनमध्ये राहतो, सिल्व्हर लेकचे वाळूचे डोंगर घरापासून गाठता येतात आणि तिथला हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. या सात महिन्यांत ट्रेलरवर बॅन्शी चढवली नाही असे शनिवार-रविवार फार थोडे. लहानपणी घरात आरएक्स १०० होती, त्यामुळे टू-स्ट्रोकचा आवाज आणि जळलेल्या तेलाचा वास आला की मला आजही थांबून बघावंसं वाटतं. २००६ नंतर अमेरिकेत बॅन्शी विकायला आलीच नाही, म्हणून जी हातात आहे ती जपून आणि नीट समजून चालवायची, एवढं ठरवलेलं.

गेल्या वर्षी ३०० फुटांच्या वाळूच्या पट्टीवर ड्रॅग, म्हणजे शेजारी-शेजारी सरळ रेषेतली शर्यत, धावायला लागलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की मूळ सस्पेन्शनवर हे जमणार नाही. क्लच सोडला की नाक आकाशात. नाक खाली आणायला थ्रॉटल सोडावा लागतो, आणि तेवढ्यात शेजारचा गेलेला असतो. मग हिवाळ्यात तीन बदल केले: मागे शॉक ॲब्सॉर्बरच्या (पुढे नुसतं शॉक) जागी लोखंडी कडक दांडा (इथे त्याला स्ट्रट म्हणतात), चार इंच जास्त लांब स्विंगआर्म (मागचा ॲक्सल धरणारा हात) म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत चिमटा, आणि पुढच्या दोन्ही ए-आर्मना (पुढची चाकं फ्रेमला जोडणाऱ्या हातांना) खाली लोंबण्यापासून अडवणारे पट्टे. आता सात महिन्यांनी यातला दांडा काढला आहे, चिमटा ठेवला आहे, आणि पट्ट्यांशिवाय मी सुरुवातीच्या रेषेवर उभा राहणार नाही.

आधी थोडं गणित, कारण ते केल्यावरच मला पुढचं सगळं उमगलं. चारही चाकांखाली घरातले वजनकाटे ठेवले, हेल्मेट घालून पुढे झुकून बसलो. एकूण २६५ किलो, त्यातले ११९ पुढे. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) १२८० मिमी, म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या सुमारे ५७५ मिमी पुढे. त्याची उंची मी ६५० मिमी धरली, हा अंदाज आहे. ५७५ ला ६५० ने भागलं की ०.८८ येतात: प्रवेग ०.८८ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) वर गेला की पुढची चाकं जमीन सोडणार. गाडी ५० मिमी खाली बसवली की हा आकडा ०.९६ होतो. वर चिमटा चार इंचांनी लांबवला की १.१३ च्या आसपास. इंजिनला हातही न लावता तेवढा जास्त थ्रॉटल उघडा ठेवता येतो.

लांब चिमट्याची किंमतही मोजावी लागते. मागच्या चाकांवरचं स्थिर वजन कमी होतं. पॅडल टायर असतील तर वाळूत हे फारसं जाणवत नाही, कारण पॅडल वाळू फावड्यासारखी मागे ढकलतात. पण एकदा घट्ट मातीच्या पट्टीवर साधे टायर लावून धावलो तेव्हा मागची चाकं जागच्या जागी फिरली. फक्त मातीवर धावणाऱ्याने चार इंचांपेक्षा दोनच इंच लांबवावेत असं माझं मत झालं आहे. बाकी किरकोळ कामं: ५२० चेनच्या १४ कड्या वाढवल्या, मागच्या ब्रेकचा होज लांब घेतला, पार्किंग ब्रेकची केबल पुन्हा वळवली.

आता कडक दांडा. पहिले दोन महिने मी त्याच्या प्रेमात होतो. शॉक असताना सुटताना गाडीची मागची बाजू दबायची, मग उसळायची, आणि प्रत्येक धाव वेगळी व्हायची. दांड्याने ते थांबलं. मागची उंची कायम, चेनचा ताण कायम, दहा वेळा सुटलो तर दहाही वेळा गाडी सारखीच वागायची. ज्यांची गाडी फक्त पट्टीसाठी आहे आणि ट्रेलरवरून उतरून ट्रेलरवरच चढते, त्यांनी बिनदिक्कत दांडा लावावा.

माझी तशी नाही. मला दुपारनंतर डोंगरांवर फिरायचं असतं, आणि तिथे वाळूच्या छोट्या लाटांवर दांड्याची गाडी म्हणजे पाठीला हातोडा. पट्टीवरसुद्धा शेवटच्या रेषेनंतर थांबायच्या जागेत वाळू उकरलेली असते. पूर्ण वेगात तिथे पोचलं की मागची बाजू उडते आणि उतरताना सगळा दणका फ्रेमवर जातो. जुलैत धुताना वरच्या शॉक-माउंटच्या वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी रेघ दिसली. रंग खरवडला तर धातूलाही तडा सुरू झालेला. वेल्डिंग करून वर पट्टी मारून घेतली, पण त्या दिवसापासून दांड्यावरचा विश्वास उडाला. जो लावेल त्याने दर दोन-तीन वेळा चालवल्यावर ती जागा टॉर्च लावून बघावी.

दुसरी तक्रार बनवणाऱ्याबद्दल. लांबी कमी-जास्त करायला दांड्याच्या टोकांना आटे आहेत आणि लॉक नट आहेत. ते नट टू-स्ट्रोकच्या कंपनाने दोनदा ढिले झाले. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं की घट्ट आवळा. घट्टच आवळले होते. शेवटी आट्यांना निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलं आणि नट व दांडा यांवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटली की नट फिरला, हे लांबूनच दिसतं. त्यानंतर त्रास झाला नाही.

ऑगस्टपासून मागे पुन्हा शॉक आहे, पण जुन्यासारखा नाही. शॉक दुरुस्त करणाऱ्याकडून आत दट्ट्याच्या दांडीवर स्पेसर (जागा अडवणारी नळी) घालून घेतला, म्हणजे शॉक पूर्ण उघडतच नाही आणि गाडी ५० मिमी खाली राहते. नायट्रोजन परत भरावा लागतो, म्हणून हे घरी करू नये. स्प्रिंग जास्त कडक घेतली. इथे एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर पैसे वाचले असते: चिमटा लांबला की तरफेचा हात लांबतो, आणि तीच जुनी स्प्रिंग चाकापाशी बरीच मऊ वाटते. आधी चिमटा, मग स्प्रिंग, असा क्रम ठेवा. रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग) जवळजवळ बंदपर्यंत हळू केला आहे, म्हणजे सुटताना दबलेली मागची बाजू लगेच उसळत नाही. धावा दांड्याइतक्या एकसारख्या होत नाहीत, पण फरक मला परवडतो. डोंगरावर जायच्या आधी रिबाउंडची चावी सहा टिचक्या उघडतो, झालं.

आणि पुढचे पट्टे. सगळ्यात स्वस्त वस्तू, सगळ्यात मोठा फायदा. सुटताना पुढचं वजन हलकं होतं, तशी दाबलेली स्प्रिंग मोकळी होते आणि नाकाला वर फेकते. गुरुत्वमध्यही त्याबरोबर वर जातो. फ्रेमपासून खालच्या ए-आर्मपर्यंत पट्टा बांधला की स्प्रिंगला उघडायला जागाच उरत नाही. मी गाडीवर बसल्यावर जी उंची येते तिथून फक्त २५ मिमी मोकळीक ठेवतो. डांबरावर धावणाऱ्या मोटारींचे लोक उलट सांगतात, नाक वर येऊ दे, वजन मागे जाऊ दे. त्यांना पकड कमी पडते म्हणून ते बरोबर आहे. पॅडल टायर लावलेल्या छोट्या एटीव्हीला पकड पुरेशी असते, तिला नाक जमिनीवर हवं असतं. मातीवर मात्र मी मोकळीक ५० मिमीपर्यंत वाढवतो.

दोन्ही पट्टे अगदी सारखे हवेत. मे महिनाभर माझी गाडी सुटताना एका बाजूला वळायची, आणि मी टायर, ब्रेक, बेअरिंग सगळं तपासत बसलो. निघालं काय, तर डावा पट्टा ८ मिमी लांब. तो बरोबर केल्यावरही थोडी ओढ उरली, तेव्हा मागच्या टायरांचा घेर टेपने मोजला. बॅन्शीचा मागचा ॲक्सल अखंड आहे, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, त्यामुळे एका टायरचा घेर लहान असला की गाडी त्या बाजूला ओढली जाणारच. १२ मिमीचा फरक होता. दोन्हींत ५ पीएसआय हवा होती. लहान टायरमध्ये हवा थोडी वाढवून घेर सारखा केला.

गाडी खाली बसवली की पुढच्या चाकांचं टो (चाकं पुढे आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतं, हे विसरू नका. टाय रॉड (हँडलप्रमाणे चाकं वळवणाऱ्या दांड्या) आणि ए-आर्म वेगवेगळ्या कोनात जातात. गाडीवर आपल्याच वजनाचा माणूस बसवून मग दोरी लावून मोजा. मी पुढच्या कडांमध्ये मागच्यापेक्षा ४ मिमी कमी अंतर ठेवतो. शून्यावर ठेवलं होतं तेव्हा शेवटच्या १०० फुटांत हँडल थरथरायचं.

मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी पहिल्या दिवसापासून लावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझा हात हँडलवरून सुटला, मी मागे पडलो आणि इंजिन तिथल्या तिथे बंद झालं. गाडी वीसेक फुटांवर उभी होती.

आता ती गॅरेजमध्ये जॅकवर आहे. दांडा भिंतीला टांगला आहे, विकायचा विचार आहे, पण घेणाऱ्याला फ्रेमच्या तड्याचा फोटो आधी दाखवणार. एप्रिलपर्यंत पुढचे शॉकही आतून स्पेसर घालून छोटे करायचे आहेत, म्हणजे पट्ट्यांवरचा ताण कमी होईल. पट्टे तरीही राहतील.