सात महिन्यांनंतर: ॲक्सेस पॉइंट उत्तम, पण टीकेआयपी लावू नका

छताला लावायचा वाय-फाय ६ चा ॲक्सेस पॉइंट (राउटरला जोडून घरभर वाय-फाय पसरवणारं यंत्र), ४,६०० रुपयांना घेतला. रेंजबद्दल फार लिहीत नाही. खाली शिकवणीच्या खोलीत बसवलाय आणि वरच्या मजल्यावर सासऱ्यांच्या बातम्या न अडकता चालतात. मला लिहायचंय ते त्याच्या सेटिंगमधल्या सिक्युरिटीच्या पानावरच्या एका ओळीबद्दल: टीकेआयपी, म्हणजे वाय-फायवरची माहिती कुलूपबंद करायची एक जुनी पद्धत.

पहिले चार महिने काही तक्रार नव्हती. आणल्या दिवशीच ॲडमिनचा पासवर्ड बदलला, एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणं) डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३, म्हणजे वाय-फाय सुरक्षेची जुनी आणि नवी पिढी, असं मिश्र ठेवलं आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिनने जोडायची सोय) बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी माझ्या खोक्यातून तो चालू अवस्थेतच आला, याचा राग येतो.

पाचव्या महिन्यात ॲक्सेस पॉइंटचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट टाकलं आणि प्रिंटर नेटवर्कवरून गायब झाला. लेझर प्रिंटर २०१३ चा आहे, पण टोनर तीनशे रुपयांत भरून मिळतो आणि दहावीच्या मुलांचे सगळे पेपर त्यावरच निघतात. सेवा केंद्राला फोन केला. "मॅडम, प्रिंटर जुना झालाय, नवीन घ्या." चालती वस्तू मी का टाकू? दुसऱ्या फोनवर वेगळा मुलगा होता. तो म्हणाला, "एन्क्रिप्शनमध्ये टीकेआयपी निवडा, लगेच जोडला जाईल." निवडलं, आणि प्रिंटर खरंच जोडला गेला.

त्याच आठवड्यापासून नेट मंदावलं. प्लॅन शंभर एमबीपीएसचा, मोबाइलवर वीस-बावीसच्या वर जाईना. महिनाभर मी केबलवाल्या दादांना बोल लावत होते. बिचाऱ्यांनी दोनदा वायर बदलली. शेवटी लॅपटॉप वायरने थेट राउटरला लावून मला पंच्याण्णवचा आकडा दाखवला. "ताई, आमच्याकडून पूर्ण येतंय." मी त्यांची माफी मागितली. ॲक्सेस पॉइंटला तेव्हा दोनच तारे द्यायचे ठरवले होते, तेही मागे घेते.

दोष टीकेआयपीचा होता. डब्ल्यूईपी या त्याच्याही आधीच्या वाय-फाय सुरक्षेचं कुलूप फुटल्यावर, तीच जुनी यंत्रं सावरून घ्यायला २००३ च्या सुमारास आणलेला तो तात्पुरता उपाय. नव्या वेगांना त्यासोबत परवानगीच नाही. तो निवडला की जोडणी जुन्या ५४ एमबीपीएसवर उतरते आणि हातात त्याच्या निम्म्याहून कमी पडतं. म्हणजे सुरक्षाही ढिली आणि वेगही गेला. ग्राहकाला फोनवर हे निवडायला सांगणं अक्षम्य आहे.

प्रिंटर अडला होता तो भलत्याच कारणाने. त्याच पानावर खाली 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांचं संरक्षण) अशी ओळ आहे. अपडेटने ती 'ऑप्शनल'वरून 'रिक्वायर्ड' करून ठेवली होती. डब्ल्यूपीए-३ ला ते लागतंच, पण जुन्या प्रिंटरला ते कळत नाही. पुन्हा मिश्र मोड, टीकेआयपीऐवजी एईएस हे पक्कं एन्क्रिप्शन, आणि ती ओळ 'ऑप्शनल'. दोन मिनिटांत प्रिंटरचा लुकलुकणारा निळा दिवा स्थिर झाला. मोबाइलवर परत नव्वदच्या वर.

प्रिंटर डब्ल्यूपीए-२ वरच असल्यामुळे पासवर्डही बदलला. तिथे जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणी टिपून नेली, तर घरी बसून हवे तितके अंदाज लावून बघता येतात. आमचा आधीचा पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबर होता. आता एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत. मुलांना गेस्ट नेटवर्क दिलंय, त्यावरून त्यांना नेट मिळतं पण माझा लॅपटॉप दिसत नाही. ही सोय मला फार आवडली.

चार तारे. पाचवा सेवा केंद्रामुळे गेला. अपडेट सेटिंग बदलतं, ही तक्रार त्यांच्याकडे अजून पडून आहे. परवा नवीन फर्मवेअर आलंय. सोमवारी सराव परीक्षा आहे, चाळीस प्रश्नपत्रिका छापून होईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.